एक वाजता परत

टीव्हीवर कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाची बायको म्हणून लोक तिला जिन्यात गाठायचे आणि म्हणायचे, "काय शांत माणूस हो तुमचा! केवढा संयम!" ती ओठ दाबून हसायची. मग घरात येऊन पिशवी ओट्यावर आपटायची आणि त्या संयमी माणसाने तीन वर्षांपूर्वी रंगवायला घेतलेली स्वयंपाकघरातली भिंत बघायची. छातीपर्यंत पिवळी, त्याच्या वर जुनी निळी. त्या दिवशी साडेपाचला उजेड कमी झाला म्हणून तो शिडीवरून खाली उतरला होता. उतरला तो उतरलाच.

"अहो, घरात दिवे आहेत!" ती तेव्हा म्हणाली होती.

"दिव्यात रंगाचा अंदाज चुकतो. ठरवलेली वेळ झाली की थांबायचं."

आता याला काय म्हणावं? भिंत होती ती, बर्फाचा कडा नव्हता. पण या माणसाला भिंत काय नि कडा काय, सगळं सारखंच. कुठेही निघायचं तर आधी परत फिरायची वेळ ठरवायची, आणि ती झाली की समोर काहीही असो, पाठ फिरवायची. समुद्र बघायला निघालेलं हे कुटुंब समुद्राचा वास येईपर्यंत जाऊन परत आलेलं आहे, कारण तीन वाजले होते. लेक तेव्हा सहा वर्षांची. ती गाडीच्या मागच्या काचेला नाक लावून भोकाड पसरत होती आणि हा शांतपणे समजावत होता की अंधारात चढ उतरायचा नसतो. चढ! अख्ख्या रस्त्यात एक पूल होता, तेवढाच काय तो चढ.

हे खूळ डोंगरावरचं. पंचविशीत हा खरोखरचा गिर्यारोहक होता, म्हणजे बर्फाचा, दोराचा, खिळ्यांच्या बुटांचा. तोवर कुणीच न चढलेल्या एका शिखरावर त्यांची तुकडी गेली होती. त्या तुकडीचा एक नियम होता, आणि तो बायकोने लग्नानंतर इतक्या वेळा ऐकला की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने घडाघडा म्हणून दाखवला असता. चढणाऱ्याने स्वतःच्या घड्याळावर परतीची वेळ बघायची नाही. शिखर दिसायला लागलं की माणूस स्वतःशीच खोटं बोलतो, आणखी पाच मिनिटं, आणखी पाच मिनिटं. म्हणून वेळ खालून पुकारायची, तळावरून, वायरलेसवर. आणि पुकारणारा असा हवा की ज्याला शिखराचं काडीइतकं पडलेलं नाही. त्या तुकडीत हे काम स्वयंपाक्याकडे होतं.

शेवटच्या टप्प्यावर दोघं होते, हा आणि याचा जोडीदार. शिखर साठ पावलांवर. खालून स्वयंपाक्याची हाक आली, "एक वाजला, परत फिरा." हा फिरला. जोडीदाराने वायरलेस बंद केला, कमरेचा दोर सोडला आणि तो वर गेला.

आता अशा गोष्टीत पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वादळ येतं, वर गेलेला सापडत नाही आणि परत फिरलेला शहाणा ठरतो. इथे तसलं काहीही झालं नाही! आभाळ दिवसभर निळंशार राहिलं. वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. जोडीदार अर्ध्या तासात माथ्यावर पोहोचला, फोटो काढले, उजेड असतानाच खाली आला आणि दोन माणसांचं जेवला. आठवड्याभरात तो शिखरवीर झाला आणि हा झाला परतराव. नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण चिकटलं ते असं की याच्या आईनेसुद्धा एकदा चुकून तशीच हाक मारली.

बायको तेव्हा, म्हणजे लग्नाआधी, टीव्ही केंद्रात कामाला होती. पडद्यावर बोलणाऱ्या माणसाच्या खाली नावाची जी पट्टी येते, ती अक्षरं टाइप करणं हे तिचं काम. शिखरवीराची मुलाखत होती आणि शेजारची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून यालाही बोलावलं होतं. याच्या नावाखाली काय टाकू, असं तिने निर्मात्याला विचारलं. निर्माता म्हणजे त्या इमारतीतला आवाजाने सगळ्यात मोठा माणूस. तो ओरडला, "टाका, जवळपास शिखरवीर!" सगळे पोट धरून हसले. तिने 'गिर्यारोहक' एवढंच टाकलं. मुलाखत संपल्यावर हा तिच्या टेबलाशी आला, पट्टीबद्दल आभार मानले आणि चहाला येता का म्हणून विचारलं. चहा अर्धा झाला तोच हा उठून उभा राहिला. चारला उठायचं असं म्हणे आधीच ठरवलं होतं. तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं, पण त्या वयात कुणाला काय कळतंय!

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे एकच विघ्न होतं आणि ते म्हणजे खुद्द नवरा मुलगा. नोंदणी कार्यालयात अकराची वेळ होती. वाटेत याची बस बंद पडली. साडेअकरा वाजले तसा याने विचार केला की आता पोहोचलो तरी सगळं घाईत होणार, आणि घाईत सह्या करू नयेत. कार्यालयात फोन करून निरोप ठेवला, मंगळवारी येऊ. ती तिथे नवी साडी नेसून बाकावर बसलेली. तिच्या वडिलांनी कपाळाला हात लावला, "पोरी, अजून वेळ गेलेली नाही, विचार कर." तिने विचार वगैरे काही केला नाही. मंगळवारी सकाळी आठलाच ती याच्या दारात हजर झाली, दंडाला धरलं आणि नेऊन थेट साहेबांच्या टेबलापुढे उभं केलं. या माणसाने आयुष्यात शेवटास नेलेलं हे एकच काम, आणि तेही मागून कुणीतरी ढकलत होतं म्हणून.

डोंगरांवर पोट भरत नाही. हा हवामान कार्यालयात लागला. तिथे कपाटाएवढा कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे कारकून त्याच्यापासून चार हात लांब राहायचे. याला कसली भीती? बिघडलं तर परत कसं फिरायचं ते आधी विचारून घ्यायचं आणि मग बटणाला हात लावायचा. तापमान, वारा, पाऊस यांचे आकडे भरता भरता हा त्या मशीनचा जाणकार झाला.

पुढे ऑफिसांमध्ये, मग घरांमध्ये छोटे कॉम्प्युटर यायला लागले. टीव्ही केंद्राने ठरवलं, दर आठवड्याला अर्धा तास थेट कार्यक्रम करायचा आणि लोकांना ते यंत्र शिकवायचं. आधी एक प्राध्यापक आणले. त्यांनी तीन आठवडे शून्य आणि एक हे दोनच आकडे फळ्यावर लिहिले. प्रेक्षकांची पत्रं आली की कार्यक्रम छान आहे, झोप लवकर लागते. निर्माता केस उपटायला लागला. तेव्हा ही बाई, जिला घरचा अनुभव होता, जिला सगळं माहीत होतं, ती म्हणाली, "आमच्या ह्यांना विचारून बघा ना." आपल्याच हाताने पायावर धोंडा!

पहिला भाग. निर्माता काचेमागच्या खोलीत, ती शेजारी पट्टीच्या मशीनवर. पडद्यावर हा दिसला, अंगात उसना कोट, पुढे कॉम्प्युटर आधीच चालू.

"नमस्कार," हा म्हणाला. "आज आपण हे बंद करायला शिकू."

अर्धा तास! अख्खा अर्धा तास बंद कसं करायचं, नीट बंद कसं करायचं, चुकून काही दाबलं गेलं तर कसं बंद करायचं. दुसऱ्या आठवड्यात, केलेली चूक मागे कशी घ्यायची. तिसऱ्या आठवड्यात उजळणी, परत बंद. निर्मात्याने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर फेकले. "वहिनी! हा माणूस लोकांना गाडीत बसवायच्या आधीच उतरवतोय! याला सांगा काहीतरी!"

तिने सांगितलं. गाढवाला जेवढं सांगून उपयोग तेवढाच याला. "उतरता येतं हे कळल्याशिवाय माणूस चढत नाही," हा म्हणाला आणि पेपर उघडून बसला.

आणि सगळ्यात संताप कशाचा, तर हा बरोबर निघाला. पत्रांची पोती यायला लागली. एका शाळेच्या हेडक्लार्कने लिहिलं, "सहा महिने मशीनवर चादर घालून ठेवली होती. हात लावला आणि अडकलो तर विचारणार कुणाला? काल चादर काढली." कोण दुकानदार, कोण नर्स, कोण निवृत्त इंजिनिअर, सगळ्यांचं तेच. निर्मात्याने त्या पोत्यांकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं आणि मूग गिळून गप्प बसला.

पण म्हणून डोक्याचा ताप थोडाच गेला! याने प्रत्येक भागाची परतीची वेळ ठरवली, बाविसावं मिनिट. बाविसावं मिनिट आलं की हात वर. मग पत्र लिहून झालं असेल आणि छापायचं राहिलं असेल, तरी राहिलं. तक्ता भरून झाला आणि बेरीज एका बटणावर आली, तरी नाही. उरलेला वेळ सगळं शांतपणे आवरण्यात आणि मशीन बंद करण्यात. चौदा वर्षांत एक भाग, एक भाग या माणसाने शेवटापर्यंत नेला नाही. एका आजोबांनी लिहिलं होतं, "आपल्या कृपेने मला मशीन उत्तम बंद करता येते. चालू कधी करायची ते हयातीत कळवावे." ते पत्र हा हसत हसत सगळ्यांना दाखवायचा. ती हसायची नाही.

कारण रस्त्यात, बसमध्ये, नातेवाइकांत कुणी ना कुणी तो जुना विषय काढायचंच. "साठ पावलं ना? आणि आभाळ स्वच्छ होतं म्हणे?" हा म्हणायचा, "हो, स्वच्छ होतं." बस, एवढंच. ना सबब, ना राग. सगळा राग तिच्या वाट्याला. एकदा तिने चिडून विचारलं होतं, "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?" तर म्हणे, "स्वयंपाक्याने हाक मारली होती." दगडावर डोकं आपटलं असतं तर निदान आवाज तरी झाला असता.

चौदा वर्षांत दिवस पालटले. ज्यांनी चादरी काढल्या त्यांची पोरं आता आईबापांना शिकवायला लागली. कार्यक्रम बघणारे गळत गेले. सातशेवा भाग जवळ आला तेव्हा निर्माता, आता टक्कल पडलेला, आवाज मात्र तोच, घरी आला. वरच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. सातशेवा भाग गाजला तर आणखी दोन वर्षं, नाही तर बंद.

"मी काय म्हणतो," तो म्हणाला, "डोंगरावरून करू. शिखरावर कॉम्प्युटर न्यायचा, सॅटेलाइट फोनला जोडायचा आणि तिथून देशाला पत्र पाठवायचं. थेट! तो मोठा डोंगर नको, एखादा सोपा बघू. तीन तासांची चढण, वरती थोडं बर्फ. कॅमेरेवाले खालच्या सपाटीवर थांबतील, तिथून शेवटची चढण अख्खी दिसते."

हा त्रेपन्न वर्षांचा. याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "एक वाजता परत."

"अरे हो रे बाबा, एक तर एक."

"आणि वेळ ही पुकारेल. स्टुडिओतून." याने बायकोकडे बोट दाखवलं. "हिच्याइतकं योग्य कुणी नाही. हिला शिखराचं काय पडलंय?"

ती पाठ करून गॅसकडे वळली, नाहीतर तिचा चेहरा दोघांनी बघितला असता. काय पडलंय! सव्वीस वर्षं तिला दुसरं काही पडलेलंच नव्हतं. त्या साठ पावलांची तिला याच्यापेक्षा जास्त खंत होती. हा माणूस एकदा, फक्त एकदा, कशाच्या तरी माथ्यावर उभा राहिलेला तिला बघायचा होता, आणि ज्यांनी ज्यांनी याला परतराव म्हटलं त्या सगळ्यांना तो बघायला लावायचा होता. मग घरातल्या सगळ्या भिंती अर्ध्या राहिल्या तरी तिची तक्रार नव्हती.

त्या दिवशी काचेमागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे पडद्यांची रांग, वर लाल आकड्यांचं घड्याळ. तिच्यासमोर पट्टीची मशीन आणि एक बटण. ते दाबलं की तिचा आवाज थेट याच्या कानात. तो आवाज प्रेक्षकांना ऐकू जाणार नव्हता. त्यांना फक्त डोंगर, हा, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तिने टाकलेली वेळ दिसणार होती.

निर्माता वाकून तिच्या कानाशी लागला. त्याच्या आयुष्यात तो पहिल्यांदाच हळू बोलत असावा. "वहिनी, एकच्या ठोक्याला काही बोलू नका. थोडं इकडेतिकडे झालं तर होऊ द्या. आभाळ बघा कसं आहे."

"सव्वा एकच्या आधी मी तोंड उघडत नाही," ती म्हणाली. "कोपऱ्यातलं घड्याळही पाच-सात मिनिटं आधी काढून टाकते. कुणाला कळणार नाही."

निर्माता तिच्याकडे बघतच राहिला. तिलाही स्वतःचं नवल वाटलं, पण ठरलं ते ठरलं. याचा नियम गेला उडत! पंधरा मिनिटांच्या खोटेपणाने एक जन्मभराचं टोपणनाव पुसलं जात असेल तर ते पाप तिला चालणार होतं.

साडेबाराला हा शेवटच्या चढणीला लागला. पाठीवर मशीनची पिशवी, हातात बर्फात रोवायची कुऱ्हाड. पाऊल टाकायचं, तीन श्वास घ्यायचे, पुढचं पाऊल. चाल इतकी सावकाश की निर्माता नखं खात होता. पण डोंगर छोटा होता. बारा त्रेचाळीसला कॅमेरावाल्याने वायरलेसवर सांगितलं, साठ पावलं उरली. खोलीतला प्रत्येक माणूस मनातल्या मनात मोजायला लागला. पन्नास. पंचेचाळीस. या हिशेबाने हा एकच्या आतच माथ्यावर जात होता! ना खोटं बोलायची गरज, ना घड्याळ काढायची. आयुष्यात पहिल्यांदा तिला या माणसाचा राग येत नव्हता.

चाळीस पावलं उरली असताना चित्र अडकलं.

डावा पाय उचललेला, तो तसाच. कुऱ्हाड अर्धवट वर, ती तशीच. वायरलेसमधला वारा आणि धापा, तेही बंद. "अडकलंय, येईल आत्ता," तंत्रज्ञ म्हणाला. सकाळपासून असं चारदा झालं होतं. कुणी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. ती बघत होती. तो उचललेला पाय खाली येत नव्हता. एक, दोन, तीन, चार. आवाज नाही. सात, आठ. तिला माहीत होतं की चित्र अडकलंय. शंभर वेळा अडकलेली चित्रं तिने बघितली होती, तिचा धंदाच तो. नऊ, दहा.

अकराव्या सेकंदाला तिने बटण दाबलं आणि ओरडली, "एक वाजला! मागे फिरा! अहो, एक वाजला, मागे फिरा!"

कोपऱ्यात तिनेच टाकलेली वेळ होती, बारा अठ्ठेचाळीस.

चित्र सुरू झालं तेव्हा याचं तोंड कॅमेऱ्याकडे होतं. हा उतरत होता. ना प्रश्न, ना वाद, ना एकदा मान वळवून वर बघणं. मागे ती चाळीस पावलं उन्हात नुसती चकाकत होती. निर्माता उभ्याचा खाली बसला. "वहिनी," तो म्हणाला, "काय केलंत हो हे!"

"घड्याळ वाचायला चुकले," ती म्हणाली.

हा सपाटीवर आला, दगडावर बसला, पिशवीतून मशीन काढून मांडीवर घेतली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "आज शिखरावरून पत्र पाठवायचं होतं. राहिलं. तर आता आपण हे नीट आवरून ठेवू." आणि या माणसाने उरलेली मिनिटं मशीन पिशवीत कशी भरावी ते दाखवण्यात घालवली.

दुसऱ्या दिवशी पेपरवाल्यांना ऊत आला. बारा मिनिटं हातात, चाळीस पावलं समोर, आभाळ स्वच्छ, आणि परतराव परत! एकाने लिहिलं की या गृहस्थांना आता वेळ व्हायचीही गरज उरलेली नाही, शिखर दिसलं की पुरे. शिखरवीराला फोनवर गाठून कुणीतरी मत विचारलं, तर तो म्हणाला, "मी काय बोलू? स्वभाव." खरं काय ते काचेमागच्या दहा-बारा जणांना ठाऊक होतं, आणि त्यांनी तिच्याकडे बघून तोंडं बंद ठेवली. याने तर एक अक्षर काढलं नाही. विचारणाऱ्याला सांगायचा, "हो, स्वच्छ होतं." महिन्याभरात कार्यक्रम बंद झाल्याचं पत्र आलं.

ते पत्र आलं त्या सकाळी हा गच्चीच्या दारात बसून डोंगरी बुटांना तेल लावत होता. ती पत्र वाचत उभी होती. मग तिने ते घडी करून ठेवलं, कारण आता पोटात काहीच राहीना.

"बारा अठ्ठेचाळीस झाले होते," ती म्हणाली.

"हो."

"हो काय? तुम्हाला माहीत होतं?"

"घड्याळ बघितलं ना. हाक आल्यावर."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बघितलंत? आणि तरी फिरलात? चाळीस पावलं हो! नुसतं चालत गेला असतात तरी..."

"तू हाक मारलीस."

"चुकीची मारली! चित्र अडकलं आणि मी घाबरले. अकरा सेकंद. तेवढ्यात मी तुम्हाला जिवंत धरलंच नव्हतं. तुमचा कार्यक्रम मी बुडवला, लोकांच्या शिव्या तुम्हाला बसताहेत, आणि तुम्ही बूट काय पुसताय? ओरडा की माझ्यावर एकदा! मीच ती, जी सव्वा एकपर्यंत तोंड उघडणार नव्हते!"

याचा हात थांबला. "सव्वा एकपर्यंत?"

"हो."

"म्हणजे एक वाजला असता आणि तू सांगितलंच नसतंस?"

"नसतं सांगितलं. मला तुम्ही वर हवे होतात."

सव्वीस वर्षांत तिने याला दुखावलेला कधी बघितला नव्हता. टोपणनावाने नाही, पेपरांनी नाही, आत्ताच्या पत्राने नाही. आत्ता तो तसा दिसला. याने तेलाच्या बाटलीला झाकण लावलं आणि ती बाजूला ठेवली.

"मग घाबरलीस ते बरंच झालं," हा म्हणाला. "मी तुझ्याच भरवशावर चढत होतो."

ती आत गेली आणि नळ सोडून रडली.

पुढच्याच आठवड्यात दोघं चष्म्याच्या दुकानात गेले होते. तिला वाचायचा चष्मा हवा होता. दुकान भरलेलं, बाकावर चार-पाच माणसं नंबर लागायची वाट बघत बसलेली. चष्मेवाल्याने याला ओळखलं, डोळे मिचकावले आणि बाकावरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "परतराव, तुमचेही डोळे तपासून टाकू का? त्या दिवशी घड्याळ दिसलं नाही वाटतं! बारा मिनिटं म्हणजे काय थोडीथोडकी झाली?"

बाक हसला. हा म्हणाला, "हो, बारा मिनिटं होती."

तिने नाकावर चढवलेली चष्म्याची रिकामी फ्रेम काढून काचेच्या टेबलावर ठेवली.

"मी बोलावलं," ती म्हणाली.

"अगं, जाऊ दे," हा पुटपुटला आणि तिची बाही ओढली.

"का जाऊ दे? ऐका हो सगळे. वेळ झाली नव्हती. मी घाबरले, खोटी वेळ सांगून हाक मारली, आणि यांना ती खोटी आहे हे कळत होतं. तरी आले. डोंगर तिथेच टाकून आले." ती चष्मेवाल्याकडे वळली. "तुम्ही हाक मारल्यावर तुमच्या घरात कुणी शेजारच्या खोलीतून तरी उठून येतं का?"